'खेळाडू' म्हणजे 'खुगादोर' नव्हे

प्रश्न असा आला आहे: "स्पॅनिशच्या पहिल्या पायरीच्या वर्गाला जाते. 'माझं कुटुंब' या विषयावर दहा ओळी लिहायच्या होत्या. माझा भाऊ राज्य पातळीवर पोहतो, म्हणून लिहिलं, 'मी एर्मानो एस खुगादोर', माझा भाऊ खेळाडू आहे. बाईंनी 'खुगादोर'खाली रेघ मारून बाजूला प्रश्नचिन्ह काढलं. शब्दकोशात तर खेळाडूला हाच शब्द दिलाय. मग चुकलं कुठे? आणि मी स्वतः रविवारी बॅडमिंटन खेळते, ते कसं सांगायचं?"

शब्दकोश चुकलेला नाही आणि तुमचं व्याकरणही नाही. पण मागचापुढचा संदर्भ नसताना हे वाक्य वाचलं तर स्पॅनिश माणसाच्या डोळ्यांपुढे पोहण्याचा तलाव येत नाही, पत्ते येतात. 'एस खुगादोर' एवढंच म्हटलं, कुठला खेळ, कुठला संघ काहीच सांगितलं नाही, की 'तो जुगार खेळणारा आहे' असाच अर्थ निघतो. सख्ख्या भावाबद्दल असं लिहिलेलं पाहून बाईंनी प्रश्नचिन्ह काढलं ते योग्यच केलं.

हा शब्द रोमन लिपीत पाहिला तर त्याचं पहिलं अक्षर आपण 'ज' वाचतो आणि 'जुगार' लगेच आठवतो. दोघांचं नातं मात्र काही नाही. स्पॅनिशमध्ये त्या अक्षराचा उच्चार घशातला 'ख' आहे, आणि 'खुगार' म्हणजे खेळणे हे क्रियापद थट्टामस्करी या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आलंय. इंग्रजीतला 'जोक' त्याच घरातला. आपला जुगार संस्कृत द्यूताच्या वंशातला. तरीही लक्षात ठेवायला हा योगायोग फार सोयीचा आहे.

आता खरी गोम. मराठीत 'खेळ' या एका शब्दात बरंच काही मावतं. लगोरी खेळच, बुद्धिबळ खेळच, आणि ऑलिम्पिकमधलं पोहणं, धावणं, वजन उचलणं हेही खेळच. म्हणून त्यातला प्रत्येक जण आपल्याला खेळाडू. स्पॅनिशने दोन खाती वेगळी ठेवली आहेत: 'ख्वेगो' म्हणजे डाव, नियम, चेंडू, पट, फासे यांचा खेळ, आणि 'देपोर्ते' म्हणजे क्रीडा, शरीर कमावणारी, घाम काढणारी. 'खुगादोर' पहिल्या खात्यातला. जे 'खुगार' करता येतं त्याचाच खुगादोर होतो. फुटबॉल, टेनिस, पत्ते 'खुगार' करतात. पोहणं 'खुगार' करत नाहीत, सायकल चालवणंही नाही. मिगेल इंदुराइनने १९९१ ते १९९५ अशी सलग पाच वर्षं तूर द फ्रान्स जिंकली, पण त्याला खुगादोर कुणी म्हणणार नाही. तो 'सिक्लिस्ता', स्पेनमधल्या उच्चाराने 'थिक्लिस्ता'.

दुसऱ्या खात्यातला शब्द 'देपोर्तिस्ता', आणि आपल्या 'खेळाडू'ला सर्वात जवळचा तोच. इंदुराइन देपोर्तिस्ता, टेनिसवाला रफाएल नदालही देपोर्तिस्ता. बक्षिसं मिळवलेली असावीत अशी अट नाही. रोज पहाटे टेकडी चढणाऱ्या साठीच्या काकूंबद्दलही 'एस मुय देपोर्तिस्ता' म्हणतात, म्हणजे व्यायामाची, खेळाची भारी आवड असलेली.

इथे एक खड्डा आहे. शिकणारे 'देपोर्तिस्ता'ऐवजी 'देपोर्तिवो' लिहून जातात. 'देपोर्तिवो' हे प्रामुख्याने वस्तूंचं आणि संस्थांचं विशेषण: खेळाचे बूट, खेळाचे कपडे, क्रीडा मंडळ. माणसाच्या वागण्याला ते लावलं तर अर्थ होतो हार मोकळ्या मनाने मानणारा, नियमाने वागणारा. मराठीत हा भेद आपण रोज पाळतो, फक्त लक्षात घेत नाही. मैदानावर उतरतो तो 'खेळाडू', आणि हरल्यावर हात मिळवतो त्याची वृत्ती 'खिलाडू'. एका स्वराचा फरक, पण 'माझा भाऊ खिलाडू आहे' आणि 'माझा भाऊ खेळाडू आहे' यात गफलत कुणी मराठी माणूस करणार नाही. 'देपोर्तिस्ता' आणि 'देपोर्तिवो' यांच्याकडे याच नजरेने पाहा.

'आत्लेता' हा शब्दही मोह पाडतो, कारण इंग्रजीतून तो ओळखीचा वाटतो. लॅटिन अमेरिकेत तो ऐसपैस अर्थाने ऐकू येतो. स्पेनमध्ये मात्र आत्लेता म्हटलं की आधी ट्रॅक आठवतो, म्हणजे धावणं, उड्या, फेक. १९९२च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये १५०० मीटर जिंकणारा फेर्मिन काचो हा आत्लेता. नदालची ओळख करून देताना तिथे 'तेनिस्ता' म्हणतात.

आणि मला सर्वात महत्त्वाचं वाटतं ते हेच. स्पॅनिश माणूस सहसा 'खेळाडू'वर थांबत नाही, थेट खेळाचं नाव घेऊन सांगतो: फुत्बोलिस्ता, तेनिस्ता, गोल्फिस्ता. मराठीत आपण 'पटू' लावतो तसं हे 'इस्ता'. 'पटू'सारखंच तेही बाई-पुरुष भेद करत नाही. तो धावपटू, ती धावपटू. तसंच 'एल फुत्बोलिस्ता', 'ला फुत्बोलिस्ता'. 'दोर'वाल्या शब्दांना मात्र स्त्रीलिंगी 'दोरा' लागतं: खुगादोरा, नादादोरा (पोहणारी). २०२३मध्ये सिडनीला इंग्लंडला १-० हरवून विश्वचषक उचलणाऱ्या स्पेनच्या मुली 'लास फुत्बोलिस्तास' होत्या आणि 'लास खुगादोरास'सुद्धा. दोन्ही बरोबर, कारण तिथे संदर्भ लख्ख आहे.

या कुळातला माझा सर्वात लाडका शब्द 'आखेद्रेसिस्ता', बुद्धिबळपटू. बुद्धिबळाला स्पॅनिशमध्ये 'आखेद्रेस' म्हणतात. हा शब्द अरबीतून आला, अरबीत तो फारसीतून गेला, आणि फारसीत गेला आपल्या 'चतुरंगा'वरून. विश्वनाथन आनंद माद्रिदजवळच्या कोयादो मेदियानो या गावात बरीच वर्षं राहिला. त्याच्या नावामागे 'आखेद्रेसिस्ता' लागलेलं वाचलं की चतुरंग केवढा फिरून परत भेटला, असं वाटून मला खरोखर आनंद होतो.

देश बदलला की शब्दही बदलतो. बेसबॉलवाला सगळीकडे 'बेइस्बोलिस्ता', पण क्यूबा, पोर्तो रिको, डॉमिनिकन रिपब्लिक इथे 'पेलोतेरो', म्हणजे शब्दशः चेंडूवाला. गोलरक्षक स्पेनमध्ये 'पोर्तेरो', दारावरचा माणूस, अर्जेंटिनात 'आर्केरो'. आणि 'आर्केरो' म्हणजे तिरंदाजही, तेव्हा ब्वेनोस आइरेसच्या बातमीत तो शब्द दिसला तर हातात धनुष्य आहे की हातमोजे, हे पुढच्या ओळीवरून ठरवावं लागतं.

आता तुमच्या रविवारच्या बॅडमिंटनबद्दल. इथे नाम शोधूच नका, क्रियापद वापरा: 'ख्वेगो आल बादमिंतोन', मी बॅडमिंटन खेळते. 'सोय' म्हणजे 'मी आहे', पण 'सोय फुत्बोलिस्ता', 'सोय तेनिस्ता' असं म्हटलं की ऐकणाऱ्याला तो तुमचा पेशा वाटतो. मधलं 'आल' स्पेनमध्ये आणि अर्जेंटिनात लावतात, मेक्सिकोत बहुधा गाळतात. तुमच्या बाई जे शिकवतात ते धरा. ज्यांचा बॅडमिंटन हाच पेशा, त्यांच्यासाठी मात्र 'खुगादोरा दे बादमिंतोन' अगदी योग्य. २०१६च्या रिओ ऑलिम्पिकच्या अंतिम सामन्यात आपल्या सिंधूने पहिला गेम २१-१९ घेतला आणि पुढचे दोन गमावले, तो सामना अनेकांना आठवत असेल. पलीकडे होती स्पेनची कारोलिना मारिन, आणि तिची ओळख स्पॅनिश वर्तमानपत्रं अशीच करून देतात. 'खुगादोरा'पुढे खेळाचं नाव आलं की जुगाराची शंका राहत नाही.

राहिलं भावाचं वाक्य. 'मी एर्मानो एस नादादोर', माझा भाऊ जलतरणपटू आहे. त्यात 'एक' या अर्थाचं 'उन' घालू नका. पेशा किंवा ओळख सांगताना ते येत नाही. कौतुक करायचं असेल, विशेषण जोडायचं असेल, तर मात्र 'उन' परत येतं: 'एस उन ग्रान नादादोर', तो फार मोठा जलतरणपटू आहे. राज्य पातळीवर पोहणाऱ्या भावाबद्दल बहिणीने लिहायचं तर मी हेच वाक्य निवडेन.