वाचक विचारतात: परदेशवारीचं तिकीट आणि हॉटेल स्वस्तात कसं पडेल?

प्रश्न : आम्ही दोघंही शिक्षक. मुलगा आणि सासूबाई धरून चौघांनी उन्हाळ्याच्या सुटीत थायलंडला जायचं ठरतंय. मुंबई-बँकॉकचं जाऊन-येऊन तिकीट नागपूरपेक्षा माणशी सहा हजारांनी स्वस्त दिसतं. मुंबईहून जावं का?
– एक शिक्षिका, दारव्हा (जि. यवतमाळ)

उत्तर : ताई, हिशेब दारव्ह्याच्या घरापासून मांडा. तिकिटात चौघांचे २४ हजार वाचतात. त्यातून धामणगावहून विदर्भ एक्सप्रेसचं थर्ड एसीचं जाणं-येणं माणशी अडीच हजार धरलं, तर दहा हजार गेले. सीएसएमटी ते विमानतळ दोन्ही वेळच्या टॅक्सीचे दोन हजार, एका रात्रीच्या खोलीचे तीन हजार. उरले नऊ. नागपूरऐवजी धामणगावपर्यंतच गाडी करावी लागेल, तिथे चारेक हजार वाचतील, झाले तेरा. आता दोन्ही तिकिटांत सामान किती धरलंय ते उघडून पाहा. स्वस्त विमान कंपन्यांच्या मूळ भाड्यात बहुधा हातातली ७ किलोची बॅगच असते. चौघांत दोन मोठ्या बॅगा, जाताना-येताना प्रत्येकी अडीच हजारांनी घेतल्या, तर आणखी दहा हजार. नागपूरच्या तिकिटात सामान आधीच धरलेलं असेल, तर मुंबईचा फायदा तीन हजारांवर आला. आकडे अंदाजी आहेत, त्या जागी तुमच्या तारखेचे टाका. तीन हजारांसाठी सासूबाईंची एवढी दगदग करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. फरक दहा हजारांच्या वर राहिला, तर मुंबईचा विचार करा.

आणखी एक गोष्ट पैशांत मोजली जात नाही. नागपूर-बँकॉक एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर घेतलं आणि मधलं विमान चुकलं, तर पुढची सोय कंपनीने करायची असते. रेल्वे आणि विमान, किंवा दोन वेगवेगळ्या कंपन्यांची विमानं स्वतः जोडलीत, तर पहिलं उशिरा पोचल्याची जबाबदारी दुसऱ्यावर नसते; तिकीट बुडतं. पावसाळ्यात कसारा-इगतपुरी घाटात गाड्या अडकतात, म्हणून मुंबईला आदल्या दिवशीच पोचा. हिशेबात खोलीचे तीन हजार त्यासाठीच धरलेत.

कोलकात्याचाही भाव काढून बघा. आपल्याकडे परदेशी विमान म्हटलं की मुंबईच डोळ्यासमोर येते. पण बँकॉक कोलकात्याहून अडीचेक तासांवर आहे, आणि भाडं बऱ्याचदा कमी असतं. गीतांजली आणि हावडा मेल बडनेरा-वर्ध्याला थांबतात. रेल्वेचा प्रवास मात्र मुंबईपेक्षा लांबतो.

तारखांत तुमच्याकडे एक जमेची बाजू आहे. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा राज्यातल्या इतर शाळांपेक्षा आठवडा-दोन आठवडे उशिरा उघडतात. पुण्या-मुंबईच्या सुट्या संपतात आणि तुमची चालू असते, त्या दिवसांत भाडी सहसा उतरतात. मेचा पहिला पंधरवडा टाळून जूनच्या मध्यावर या. गुगल फ्लाइट्सवर तारखांचा तक्ता उघडा, जाण्या-येण्याचे दिवस एकेक मागेपुढे करून बघा, मंगळवार-बुधवार आधी. मग ‘किमतीवर लक्ष ठेवा’ चालू करा, भाव हलला की मेल येतो. दोन-तीन महिने आधीपासून बघत राहा. भाव कळला की तिकीट शक्यतो विमान कंपनीच्याच वेबसाइटवरून काढा. तारीख बदलायची वेळ आली, तर मधलं ॲप आणि कंपनी एकमेकांकडे बोट दाखवतात.

जूनमध्ये फुकेतकडचा समुद्र खवळलेला असतो, पोहायला मनाई करणारे लाल झेंडे लागतात. समुद्र हवा असेल तर कोह सामुईकडे जा. तिकडचा मोठा पाऊस ऑक्टोबरनंतर येतो. थायलंडने नोव्हेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसा माफ केला, पण मुदतीचे नियम बदलत असतात. तिकीट काढायच्या आठवड्यात दूतावासाच्या वेबसाइटवर पुन्हा खात्री करा. मे २०२५ पासून डिजिटल अरायव्हल कार्डही भरावं लागतं. पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत, थाई इमिग्रेशनच्या अधिकृत वेबसाइटवर, पूर्ण फुकट. पैसे मागणारी वेबसाइट दिसली की बंद करा.

प्रश्न : हॉटेलचा दर ॲपवर एक आणि काउंटरवर दुसरा, असं का होतं?
– एक संत्रा बागायतदार, वरुड (जि. अमरावती)

उत्तर : भाऊ, ॲपवर मोठ्या अक्षरात येतो तो बहुधा कर सोडून एका रात्रीचा दर. ‘एकूण किंमत’ दाखवायची सोय सेटिंगमध्ये असते, ती आधी लावा. तरीही काही कर हॉटेलातच भरावे लागतात. मलेशियात परदेशी पाहुण्याला दर खोलीला दर रात्री १० रिंगिट पर्यटन कर आहे. दुबईत हॉटेलच्या दर्जाप्रमाणे ७ ते २० दिरहॅम. थायलंडात दरापुढे दोन अधिक चिन्हं असतील, तर १० टक्के सेवाशुल्क आणि ७ टक्के व्हॅट त्यावर चढतो.

पैसे वाचवायचा खात्रीचा मार्ग म्हणजे ‘मोफत रद्द’ होणारी खोली आधी घेऊन ठेवणं. मोफत रद्द करायची शेवटची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा आणि तिच्या दोन दिवस आधी त्याच हॉटेलचा भाव पुन्हा बघा. उतरला असेल तर नवी खोली घ्या, पक्की झाल्याचा मेल आला की मगच जुनी रद्द करा. आणि काउंटरवर कार्ड घासताना मशीन ‘रुपयांत की स्थानिक चलनात’ विचारतं, तेव्हा स्थानिक चलनच निवडा. रुपये निवडले की त्यांचा महाग दर लागतो.

प्रश्न : एजंट दुबईचं पॅकेज देतोय. वर टीसीएस म्हणून वेगळी रक्कम लावली. आमची कमाई शेतीचीच, आयकर लागतच नाही. मग हे कशाला?
– एक शेतकरी, हिंगणघाट (जि. वर्धा)

उत्तर : टीसीएस म्हणजे विकणाऱ्याने पैसे घेतानाच वसूल केलेला आयकर. परदेशी टूर पॅकेजवर तो घ्यायचा कायदाच आहे, एजंटच्या मनावर नाही. पण तो तुमच्या पॅनवर जमा होतो. पॅन द्या, पावती घ्या, नंतर आयकर खात्याच्या वेबसाइटवर तुमच्या नावावर रक्कम दिसते का ते बघा आणि आयकराचं विवरणपत्र भरून परतावा मागा. पॅन दिला नाही तर दर वाढतो. नुसतं विमानाचं तिकीट पॅकेजमध्ये मोडत नाही, त्यामुळे तिकीट आणि हॉटेल स्वतः वेगवेगळं काढलं तर हा प्रश्न येत नाही.

पॅकेज घ्यायचंच असेल, तर हॉटेलचं नाव लेखी मागा. ‘किंवा तत्सम’ एवढ्यावर पैसे भरू नका. नाव मिळालं की त्याच तारखांचे हॉटेलचे, विमानाचे आणि व्हिसाचे दर स्वतः काढून बेरीज करा. पाच-सात टक्के जास्त असेल तर ती त्याची मेहनत आहे, द्यावी. वीस टक्के असेल तर घासाघीस करा.

प्रश्न : आईच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा आहे. अडचण येईल का?
– एक वाचक, आरमोरी (जि. गडचिरोली)

उत्तर : दुबईला जायचं असेल आणि नावाच्या रकान्यातही एकच शब्द असेल, तर येऊ शकते. नोव्हेंबर २०२२ पासून यूएई एकच नाव असलेल्या पासपोर्टवर पर्यटक व्हिसा सहसा देत नाही. तिकीट काढायच्या आधी पासपोर्ट सेवाच्या वेबसाइटवर ‘रि-इश्यू’ निवडून, वैयक्तिक तपशिलात बदल हे कारण देऊन अर्ज करा. ३६ पानी पासपोर्टला साधी फी १,५०० रुपये. आधारवर आडनाव आधी लावून घ्या, नाहीतर कागद जुळत नाहीत म्हणून परत पाठवतात.

नवा पासपोर्ट हातात आला की तिकिटावर नाव त्यातल्यासारखंच टाका. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव पासपोर्टात पहिल्या नावासोबत असेल, तर तिकिटातही तिथेच. थेट कंपनीकडून काढलेल्या तिकिटात नावाची चूक २४ तासांच्या आत कळवली तर फुकट दुरुस्त होते, म्हणून मेल आल्या आल्या पासपोर्ट शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून बघा. पासपोर्टची मुदतही परतीनंतर सहा महिने उरेल अशी हवी.