ओठ फुटणे आणि उन्हाने ओठ बिघडणे

प्रश्न : माझे वडील ५४ वर्षांचे असून गेली तीस वर्षे गवंडीकाम करतात. वर्षभरापासून त्यांच्या खालच्या ओठाची सालपटे निघतात. एका ठिकाणी खपली धरते, पडते आणि पुन्हा धरते. दुखत नाही म्हणून ते दवाखान्यात यायला तयार नाहीत. नुसत्या उन्हाने ओठाला आजार होतो का?

उत्तर : होतो. वर्षानुवर्षे उन्हात काम करणाऱ्यांच्या ओठाला होणाऱ्या या विकाराला ‘ॲक्टिनिक चेलायटिस’ म्हणतात. शेतकरी, मच्छीमार आणि बांधकाम कामगार यांच्यात तो विशेष आढळतो. पत्रावरून निदान करता येत नाही. परंतु एकाच जागी वर्षभर पुन्हा पुन्हा धरणारी खपली हे साधे ओठ फुटणे नव्हे, एवढे मी ठामपणे सांगेन. त्यांना या आठवड्यातच त्वचारोगतज्ज्ञांना किंवा मुखरोगतज्ज्ञांना दाखवावे.

खालचा ओठ किंचित पुढे आलेला आणि वरच्या बाजूला वळलेला असल्यामुळे डोक्यावरचे ऊन थेट त्याच्यावर पडते. शिवाय ओठाच्या लाल भागावरचे आवरण अतिशय पातळ असते आणि त्वचेला सावरणारे रंगद्रव्य तेथे कमी असते. त्यामुळे सूर्यप्रकाशातील अतिनील किरण पेशींच्या गाभ्यातील जनुकांना इजा करतात. ही इजा साठत जाते आणि काही पेशींची वाढ बिघडते. त्यातूनच पुढे काहींना ओठाचा कर्करोग होतो. सूर्याच्या किरणांना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९२ मध्येच कर्करोगकारक ठरवले आहे. धूम्रपानाची सवय असल्यास धोका आणखी वाढतो.

थंडीने किंवा कोरड्या हवेने फुटलेले ओठ साधे व्हॅसलीन लावल्यावर काही दिवसांत पूर्ववत होतात. उन्हाने बिघडलेला ओठ तसा बरा होत नाही. वडिलांना उजेडात बसवून खालचा ओठ हलकेच ताणून पाहा. ओठाचा लाल भाग जेथे संपून त्वचा सुरू होते, ती कड निरोगी ओठावर रेघ ओढल्यासारखी स्पष्ट असते; या विकारात ती पुसट होते. पांढुरके चट्टे दिसतात, बोट फिरवल्यास बारीक वाळूचा कागद लागावा तसा खरखरीतपणा जाणवतो. दुखत नाही हे दिलाशाचे कारण मानू नये, कारण सुरुवातीला कर्करोगही बहुधा दुखत नाही. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, घट्ट लागणारी गाठ किंवा रक्तस्राव असल्यास एक दिवसही थांबू नये.

शंका वाटल्यास डॉक्टर ओठाचा लहानसा तुकडा भूल देऊन काढतात व तपासतात. त्याला बायॉप्सी म्हणतात. तिने आजार पसरतो, हा समज निराधार आहे. कर्करोग नसल्यास मलम, अतिशीत द्रवाने चट्टा गोठवणे, लेझर किंवा बिघडलेला थर काढून टाकणे यांपैकी योग्य तो उपाय करतात. उपचारानंतरही ठरावीक काळाने तपासणी करावी लागते.

काम सोडण्याची गरज नाही. मात्र पुढे झडप असलेल्या टोपीपेक्षा सर्व बाजूंनी रुंद काठ असलेली टोपी वापरावी आणि किमान ‘एसपीएफ ३०’ (उन्हापासून मिळणारे संरक्षण दाखवणारा अंक) असलेला लिप बाम दर दोन तासांनी, तसेच खाल्ल्यानंतर व पाणी प्यायल्यानंतर पुन्हा लावावा. ढगाळ दिवशीही तो टाळू नये, कारण अतिनील किरण ढगांतून बऱ्याच प्रमाणात खाली पोहोचतात. कोरडेपणा घालवण्यासाठी ओठांवरून जीभ फिरवण्याची आणि खपली नखाने काढण्याची सवय त्यांनी आजच थांबवावी.