प्रेमळ घरात वाढूनही लहानपणच्या आठवणी इतक्या फुटकळ का? आणि भावंडांचं जुळत नसेल तर खरं कोणाचं मानायचं?

तुम्ही लिहिलंय की घर मायेचं होतं, कशाची ददात नव्हती, पण आठवायला बसलं की आईनं घातलेल्या टॉवेलच्या घड्या आणि जिन्याची करकरणारी पायरी यापलीकडे हाताला काही लागत नाही. आणि जे लागतं त्यावर बहीण म्हणते, ‘हे तुझं नव्हेच, हे माझ्याबाबतीत घडलं होतं.’ पहिल्या भागाचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्यावरून मात्र दादाचं आणि माझं वर्षानुवर्षं वाजतंय, म्हणून लिहायला घेतलं.

आधी सोपं. सुखी घरातल्या माणसांकडे सांगण्यासारखं काही नसतं, असं म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. रोज घडणाऱ्या गोष्टीची तारीख मन ठेवत नाही. शेकडो संध्याकाळी एकमेकींत मिसळतात आणि त्यांतून एकच उरते. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन ज्यात अडकले त्या वॉटरगेट प्रकरणात जॉन डीन या साक्षीदारानं निक्सनबरोबरची संभाषणं आठवून सांगितली होती. त्याच संभाषणांच्या टेप बाहेर आल्यावर उल्रिक नाइसर या मानसशास्त्रज्ञानं साक्ष आणि टेप शेजारी ठेवून पाहिली. १९८१ साली त्यानं मांडलं की शब्द आणि प्रसंग डीननं बरेच चुकवले, पण पुन्हा पुन्हा घडत होतं त्याचा गाभा त्यानं बरोबर सांगितला. तुमचा टॉवेल तसाच आहे. तो एका दिवसाचा टॉवेल नाही. कोणीतरी वर्षानुवर्षं न चुकता तुमच्यासाठी घड्या घालत होतं, एवढं त्यात साठलंय. मोठे प्रसंग आठवत नाहीत म्हणून खंत करू नका.

आता दादा.

लपाछपी चालली होती. मी पलंगाखाली शिरलो, ट्रंकेच्या मागे, आणि तिथेच झोपलो. किती वेळ कोण जाणे, पण जाग आली तेव्हा घरभर माझ्या नावाच्या हाका चालल्या होत्या आणि आजीचा आवाज रडवेला झाला होता. मी घाबरून गप्प राहिलो. माझ्या डोळ्यांसमोर पलंगाची फळी होती, तिच्यावर सुतारानं निळ्या पेन्सिलीनं काढलेला आकडा, आणि लाकडातली गाठ निघून पडलेलं एक भोक, ज्यात माझं बोट बरोबर जायचं. फळीच्या कडेपलीकडे नुसती पावलं दिसत होती. आईच्या टाचा भराभर गेल्या, परत आल्या, थांबल्या. मग बाबा वाकले. त्यांनी मला पाहिलं. मी मार खाणार अशी माझी खात्री होती. बाबांनी मागे वळून ‘सापडला’ एवढं सांगितलं आणि स्वतः सरपटत आत आले. ते उंच, त्यामुळे पाय बाहेरच राहिले. खिशातलं पेन माझ्या गालाला टोचत होतं. ते हळूच म्हणाले, ‘सरक. आता मीपण लपलोय.’

दादा म्हणतो, पलंगाखाली तो होता.

त्याला निळा आकडाही आठवतो आणि पेनही आठवतं. पण तो सांगताना नेहमी म्हणतो, ‘आईचा चेहरा असा पांढरा पडला होता.’ पलंगाखालून चेहरा दिसत नाही, पावलं दिसतात. चेहरा दिसतो तो शोधणाऱ्यांना, आणि दादा शोधणाऱ्यांत होता. घरात हा किस्सा जेवताना, पाहुण्यांसमोर, लग्नकार्यात इतक्यांदा सांगितला गेला की ऐकता ऐकता तो त्याचा झाला. तो खोटं बोलतोय असं मी कधीच म्हटलेलं नाही. न्यूझीलंडमध्ये मर्सिडीज शीन आणि सायमन केम्प यांनी, डेव्हिड रुबिन यांच्यासोबत, जुळ्या भावंडांवर नेमका हाच अभ्यास केला, तो २००१ मध्ये छापून आला. एकाच प्रसंगाबद्दल दोघंही ठामपणे सांगतात की हे माझ्याबाबतीत घडलं. जुळ्यांखेरीज इतर भावंडांत आणि मित्रांतही हे आढळलं. तेव्हा बहीण तुमचं काही हिसकावून घेतेय असं समजू नका. तिला ते खरंच तसं दिसतंय.

माझा टाचांचा पुरावा मात्र पुरेसा नाही, हेही सांगायला हवं. नायग्रो आणि नाइसर यांनी १९८३ मध्ये दाखवलं की जुन्या आठवणींत माणूस बऱ्याचदा स्वतःला बाहेरून पाहतो, जणू दाराशी उभं राहून. म्हणजे पलंगाखाली असलेल्यालाही आठवणीत आईचा चेहरा दिसू शकतो. दादाला हे कुठूनतरी कळलंय आणि तो ते दर वेळी पुढे करतो. करू दे. पलंगाखाली मीच होतो.

एकदा वाद वाढला तेव्हा तो म्हणाला, ‘धाकटा म्हणून सगळं तुलाच मिळालं, हे एक तरी माझं राहू दे.’ ते मला लागलं, कारण ते साफ चूक आहे. दादा शाळेतून आला की बुटांच्या नाड्या न सोडता बूट ओरबाडून काढायचा आणि नाड्यांना नीरगाठी बसायच्या. रात्री तो झोपला की बाबा दिव्याखाली बसून त्या गाठी सोडवायचे. नखानं सुटली नाही तर जाड सुईचं टोक घालायचे. मग दोन्ही बूट जीभ वर काढून, पाय सहज जाईल असे दाराशी ठेवायचे. माझ्या बुटांना नाड्याच नव्हत्या, त्यामुळे हे माझ्यासाठी कधी घडलं नाही. मी उशिरा झोपायचो म्हणून मी पाहिलं. दादाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. सकाळी बूट मोकळे असतात, एवढंच त्याला माहीत. मी सांगितलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही आणि नंतर म्हणाला, ‘हे तू आधी का नाही सांगितलंस?’

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की ‘खरं कोणाचं’ हा प्रश्न भावंडांनी एकमेकांना विचारूच नये. आपल्यावरची माया निम्म्याहून जास्त आपण झोपलेले, तापानं फणफणलेले किंवा बाहेर खेळत असताना झालेली असते. ती आपल्याला आठवणं शक्यच नाही. बहिणीला विचारा, ‘मी झोपल्यावर घरात माझ्याबद्दल काय चालायचं? मी नसताना आई काय म्हणायची?’ आणि तिचं जे तुम्ही पाहिलंय ते तिला सांगा. मोठ्या भावंडांनी तर ‘तुलाच सगळं मिळालं’ हे वाक्य तोंडातून काढण्याआधी धाकट्यानं काय काय पाहिलंय ते ऐकून घ्यावं.

आईवडील हयात असतील तर त्यांनाही विचारा, पण दोघांना वेगवेगळं, आणि किस्सा आधी तुम्ही सांगू नका. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलिन पिकरेल यांच्या १९९५ च्या प्रयोगात, लहानपणी दुकानांच्या गर्दीत हरवल्याची बनावट गोष्ट घरच्यांच्या नावानं ऐकवल्यावर साधारण चौथा हिस्सा लोकांना ती थोडीफार किंवा पूर्ण ‘आठवली’ होती. आमच्या बाबांना आम्ही दोघांनी एकाच वेळी, मोठ्या आवाजात विचारलं, आणि ते ‘दोघंही होतात’ म्हणून मोकळे झाले. आता त्याचा काही उपयोग नाही.

एक गोष्ट आधीच लिहायला हवी होती. हे सगळं मायेच्या घराबद्दल आहे. भावंड सांगत असेल की मला मारलं, मला घाबरवलं, तर आठवणी फसव्या असतात असं म्हणून त्याचं तोंड बंद करू नका. डीनचे शब्द चुकले होते, गाभा चुकला नव्हता. एकाच छताखाली दोन मुलांचं बालपण सारखं असतंच असं नाही, आणि तुम्हाला मिळालं ते बहिणीलाही मिळालं असेल हे गृहीत धरू नका. तिचं आधी ऐका, टॉवेलचं नंतर सांगा.