जर्मनीत समाजकार्य करायचं तर कायदा किती शिकावा लागतो?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरात एमएसडब्ल्यू झालं, बालसंरक्षणात तीन वर्षं काम केलं, आता नवऱ्याची नोकरी श्टुटगार्टला म्हणून तूही निघालीस. इथल्या अभ्यासक्रमांत ‘सामाजिक कायदा’ जागोजागी दिसला आणि धडकी भरली. माणसांत राहून काम करायचं म्हणून हे क्षेत्र निवडलं, मग कलमं कशाला घोकायची? बारा वर्षांपूर्वी पुण्याहून येताना मलाही हेच वाटत होतं. वयाने मोठी आहे, म्हणून ‘तू’ म्हणते.

आपल्याकडे निराधार योजनेचा अर्ज अडला की आपण तहसीलला जातो, ओळखीच्या माणसाशी बोलतो, पुन्हा जातो. चिकाटी हेच आपलं हत्यार असतं. इथे ओळख चालत नाही, चालतो तो कागद. ‘सोत्सियालगेझेट्सबूख’ म्हणजे सामाजिक कायद्याची संहिता. तिचे पहिल्यापासून चौदाव्यापर्यंत भाग आहेत, फक्त तेरावा नाही. तो आकडा अशुभ म्हणून गाळला. दुसरा भाग बेरोजगारांच्या आधाराचा, पाचवा आरोग्यविम्याचा, आठवा मुलं आणि तरुणांचा, नववा अपंगत्वाचा, अकरावा शुश्रूषेचा. तुझ्यासमोर बसलेल्या माणसाची अडचण कोणत्या भागात मोडते हे ओळखता आलं नाही, तर तू त्याला चुकीच्या दारात पाठवशील, आणि मधल्या काळात त्याचं भाडं थकेल.

माझ्याच हातून झालेली चूक सांगते. सल्ला केंद्रात नवी होते. एक बाई मदत नाकारल्याचं पत्र घेऊन आली. अशा सरकारी निर्णयपत्राला ‘बेशाईड’ म्हणतात. ती रडत होती, मी तासभर तिचं ऐकलं, धीर दिला, पुढच्या आठवड्यात ये म्हणाले. पत्रावरची तारीख मी पाहिलीच नाही. ‘विडरश्प्रुख’, म्हणजे लेखी हरकत, घ्यायला एक महिना असतो. ती परत आली तेव्हा तो उलटून गेला होता. केंद्रातल्या ज्येष्ठ सहकारी बाईंनी संहितेच्या दहाव्या भागातलं ४४वं कलम उघडलं. मुदत गेली तरी चुकीच्या निर्णयाची फेरतपासणी मागता येते. बहुतेक बाबतींत चार वर्षं मागचे पैसे मिळतात, बेरोजगारांच्या आधारात मात्र एकच वर्ष. बाईचं काम झालं. पण तो तास आठवला की अजून अंगावर काटा येतो. तेव्हापासून मी आधी तारीख बघते, मग पाणी देते, मग ऐकते.

तारखेतही बारकावे आहेत. टपालाने आलेलं पत्र २०२५ पासून पाठवल्याच्या चौथ्या दिवशी पोचलं असं धरतात, पूर्वी तिसऱ्या दिवशी धरत. हरकत कुठे आणि किती दिवसांत घ्यायची हे पत्रात लिहिलेलंच नसेल, तर महिन्याऐवजी वर्ष मिळतं. आणि मदत मागणाऱ्याला सामाजिक न्यायालयात कोर्ट फी नसते. हे त्याला सांगणारं बहुतेक वेळा दुसरं कोणी नसतं, आपणच असतो.

वर्गात पहिल्यांदा शिकवतात ते तीन शब्द: मुस, झोल, कान. कलमात ‘मुस’ असेल तर द्यावंच लागतं. ‘झोल’ असेल तर एरवी द्यायचंच, अपवादाला ठोस कारण हवं. ‘कान’ म्हणजे अधिकाऱ्याच्या विवेकावर, पण तो विवेक नीट वापरला जाण्याचा हक्क अर्जदाराला असतो. हा फरक कळला त्या दिवशी मी विनंती करणं सोडलं आणि मागणी करायला लागले. परीक्षेत कायद्याचं पुस्तक जवळ ठेवू देतात, घोकंपट्टी नाही. एक प्रसंग देतात आणि विचारतात: कोणाला, कोणाकडून, काय, कशाच्या आधारे हवं आहे? तुझ्यासारख्या काम केलेल्या मुलीला हे लवकर जमेल.

तुझा विषय मुलांचा, म्हणून आठव्या भागाबद्दल थोडं जास्त. आपल्याकडे मूल ताब्यात घेतलं की चोवीस तासांत बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं. इथे बालकल्याण कार्यालय, म्हणजे ‘युगेंडाम्ट’, तातडीचा धोका असेल तर मूल स्वतः ताब्यात घेतं. पालकांनी विरोध केला तर एकतर परत द्यायचं, नाहीतर विनाविलंब कुटुंब न्यायालयाचा निर्णय घ्यायचा. धोक्याचा अंदाज एकटीने बांधायचा नसतो, कायदाच सांगतो की अनेक तज्ज्ञांनी मिळून बांधायचा. आपली भारतीय कुटुंबं या कार्यालयाला फार घाबरतात. पण संगोपनात मदत मागणं हा पालकांचा हक्क याच भागात आहे, आणि मराठीतून तो समजावणारं कोणी भेटलं की आईबापांचा चेहरा बदलतो. ते मी पाहिलं आहे.

गुप्ततेचं मात्र नीट शिक. मान्यताप्राप्त समाजकार्यकर्त्याने गुपित फोडलं तर तो फौजदारी गुन्हा आहे. तरी फौजदारी खटल्यात साक्ष नाकारण्याचा अधिकार आपल्याला सहसा नसतो. गर्भावस्था सल्ला आणि अमली पदार्थांच्या व्यसनाचा सल्ला हे अपवाद. लोकांना भलतं वचन देऊ नकोस.

आता तुझा रस्ता. नव्याने पदवी करू नकोस असं माझं स्पष्ट मत आहे. एमएसडब्ल्यू आणि अनुभव असताना सरकारी मान्यतेचा अर्ज कर. ती प्रत्येक राज्य आपापली देतं, म्हणून काम कुठे करायचं ते आधी ठरव. जर्मन कायद्याची उणीव काढतील, ती प्रशिक्षण किंवा परीक्षेने भरता येते. जर्मन भाषेत बी-१ या मधल्या पातळीवर थांबू नकोस. निर्णयपत्र वाचायला आणि उत्तर लिहायला सी-१ ही वरची पातळी लागते.

आणि निघण्याआधी विद्यापीठातून प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम, तास आणि क्षेत्रकार्याचे दिवस असलेला शिक्क्याचा कागद घे. मी तो इथून मागवला तेव्हा सात महिने गेले.