पाण्याला स्मृती असते, म्हणून चेतना केवळ मेंदूत नसून सर्वच पदार्थांत असते, हे विज्ञानाने सिद्ध केले आहे का?

नाही. ज्यांनी तसे सांगितले, त्यांनी पुरावा म्हणून बहुधा जपानच्या मासारू इमोटो यांची बर्फस्फटिकांची छायाचित्रे दाखवली असतील. गोड शब्द लाभलेल्या पाण्याचे स्फटिक सुंदर आणि शिव्या खाल्लेल्याचे बेढब होतात, असा त्यांचा दावा. आमच्याकडे ती भावजींनी, म्हणजे ताईच्या यजमानांनी आणली आणि लगोलग भाताच्या दोन बरण्या भरून एकीवर 'धन्यवाद', दुसरीवर 'मूर्ख' अशी चिठ्ठी डकवली. आठ दिवसांत 'मूर्ख' बरणीतला भात काळा पडला. ती शेगडीशेजारी होती आणि 'धन्यवाद' देवघरात, हे मी निदर्शनास आणले, तेव्हा "तुम्हां रसायनवाल्यांना भावनाच नसतात" एवढेच उत्तर मिळाले.

मग मी एकाच कुकरचा भात उकळून घेतलेल्या आठ बरण्यांत भरला, चिठ्ठ्या मुलीकडून बुडाला उलट्या चिकटवून घेतल्या आणि सगळ्या एकाच फळीवर ठेवल्या. बुरशी आधी धरलेल्या तीन बरण्यांपैकी दोन 'धन्यवाद'च्या निघाल्या. यावर भावजी म्हणाले, की माझ्या संशयाने पाणी बिघडले.

ही पळवाट जुनीच आहे. 1988 साली फ्रेंच संशोधक जाक बेनव्हेनिस्त यांनी 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत दावा केला, की प्रतिपिंडाचा (अँटिबॉडीचा) एकही रेणू उरणार नाही इतके विरल केलेले द्रावणही रक्तपेशींवर परिणाम करते, म्हणजे जणू पाण्याला त्याची आठवण राहते. 'नेचर'चे संपादक जॉन मॅडॉक्स, संशोधक वॉल्टर स्ट्युअर्ट आणि जादूगार जेम्स रँडी बेनव्हेनिस्त यांच्या प्रयोगशाळेत गेले, नळ्यांना सांकेतिक क्रमांक दिले आणि कोणता क्रमांक कशाचा याची यादी पाकिटात घालून छताला चिकटवली. कोणती नळी कोणती हे कोणालाच ठाऊक नसताना परिणाम नाहीसा झाला. बेनव्हेनिस्त यांनी दोष तपासणीलाच दिला.

स्मृतीला टिकणारी रचना लागते. मेंदूत चेतापेशींमधील जोडण्या वर्षानुवर्षे टिकू शकतात. द्रव पाण्याच्या रेणूंना एकमेकांशी जोडणारे हायड्रोजन बंध सेकंदाच्या अब्जांशाहूनही कमी काळात तुटतात आणि नव्या शेजाऱ्याशी जुळतात. चेतना सर्व पदार्थांत आहे, हे मत तत्त्वज्ञानात गांभीर्याने मांडले जाते आणि त्यावर वाद होऊ शकतो, परंतु त्याला भाताच्या बरणीचा आधार देणे हा त्या मताचाही अपमान आहे. माझ्या आठ बरण्यांनीही काही सिद्ध होत नाही, हे मान्य. इतक्या थोड्या बरण्यांत योगायोग सहज घडतो. मात्र तुमच्या घरीही कोणी भावजी असतील, तर वाद घालू नका. चिठ्ठ्या उलट्या चिकटवा आणि बरण्या उघडण्यापूर्वीच, कोणता निकाल लागल्यास ते आपला दावा मागे घेतील, हे त्यांच्याकडून लिहून घ्या. माझे नेमके तेच राहून गेले.