बेडी, देखरेख की पाळत?

प्रश्न असा आला आहे : पॅरोलवर बाहेर आलेल्या कैद्याच्या घोट्याला जे जीपीएस यंत्र बांधतात, त्याला 'इलेक्ट्रॉनिक बेडी' म्हणणं योग्य का?

बेडी मूळची पायातलीच. हातातली ती हातकडी. 'हातात बेड्या ठोकल्या' हे बातम्यांनी रुळवलं. पण बेडी पाऊल उचलू देत नाही. हे यंत्र खुशाल हिंडू देतं आणि कुठे हिंडलात ते पोलिसांना कळवतं. 'देखरेख' सरकारी कागदावर शोभेल, पण तिला काळजीचा वास आहे. ती आपण बांधकामावर ठेवतो, आजाऱ्यावर ठेवतो. मी 'पाळतपट्टा' म्हणेन. पाळत चोरून ठेवतात, इथे तर ज्याच्यावर ठेवायची त्यानंच ती चार्ज करायची, हा आक्षेप मान्य. तरी काम पाळतीचंच आहे. ('पैंजण' सुचवणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार.)

खरी गफलत 'पॅरोल' या शब्दात आहे. अमेरिकेत पॅरोल म्हणजे उरलेली शिक्षा तुरुंगाबाहेर, अटींवर काढणं. आपल्याकडे ती निव्वळ रजा. फर्लो, म्हणजे ठरावीक शिक्षा भोगल्यावर मिळणारी, ती संचित रजा; पॅरोल, म्हणजे घरच्या निकडीसाठी मिळणारी, ती अभिवचन रजा. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थही दिलेला शब्दच, त्यामुळे 'अभिवचन' नेमकं बसतं. म्हणून 'पॅरोलवर सुटला' असं लिहू नये. तो रजेवर आलेला असतो.

आता शब्द घेतल्यावर पट्टाही बांधायचा का? केंद्रानं राज्यांसाठी नमुना म्हणून केलेल्या 2023च्या आदर्श कारागृह कायद्यात, कैद्याची पट्टा घालायची 'तयारी' असेल तर रजा, अशी तरतूद आहे. ज्याच्या घरी मयत झाली आहे, तो 'तयारी नाही' म्हणणार आहे थोडाच! शिवाय अट मोडली की रजा रद्द, पुढच्या रजेलाही मुकायचं. भारनियमनात बॅटरी उतरली तर ती अट मोडली म्हणायची का, हे नियमात स्पष्ट लिहिलेलं हवं.

जुलै 2024मध्ये सर्वोच्च न्यायालयातल्या न्या. अभय ओक यांच्या खंडपीठानं आरोपीच्या हालचालींवर सतत नजर ठेवणारी जामिनाची अट घटनाबाह्य ठरवली. पण जामीन आरोपीला मिळतो, पॅरोल दोषी ठरलेल्याला. तो निकाल इथे जसाच्या तसा लावता येत नाही.

मला खुपतं ते वेगळंच. फर्लोचे दिवस शिक्षेत धरतात, पॅरोलचे धरत नाहीत. गोव्यातल्या जन्मठेपेच्या कैद्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2023मध्ये तेच सांगितलं : मुदतपूर्व सुटकेसाठी 14 वर्षं मोजताना पॅरोल वगळायचा. म्हणजे पट्टा पायात, आणि ते दिवस हिशेबात नाहीत.