१६४१ च्या आयरिश बंडात खरोखरच लाखो प्रोटेस्टंट मारले गेले का?

आपला प्रश्न असा आहे की, १६४१ मध्ये आयर्लंडात दोन-तीन लाख प्रोटेस्टंट वसाहतकऱ्यांची कत्तल झाली हे खरे आहे, की ते सारे हत्याकांडच इंग्रजांनी रचलेले आहे? माझ्या मते आकडा खोटा आहे आणि हत्या खऱ्या आहेत. आकडा खोटा ठरला म्हणून मेलेल्यांनाही खोटे ठरवणे मला अन्यायाचे वाटते.

अल्स्टर या आयर्लंडच्या उत्तर प्रांतातील गेलिक, म्हणजे मूळचे आयरिश कॅथलिक, सरदार १६०७ मध्ये देश सोडून गेल्यावर त्यांच्या जमिनी जप्त झाल्या आणि तिथे इंग्लंड-स्कॉटलंडमधून कुटुंबे आणून वसवण्यात आली. २२ ऑक्टोबर १६४१ च्या संध्याकाळी बंडाचे एक पुढारी सर फेलिम ओ'नील यांनी अल्स्टरमधील चार्लमाँटचा किल्ला घेतला. डब्लिनचा किल्ला घेण्याचा बेत मात्र फितुरीमुळे फसला. पुढाऱ्यांना किल्ले हाती ठेवून इंग्लंडच्या राजाशी वाटाघाट करायची होती, वसाहतकऱ्यांचा संहार हा त्यांचा हेतू दिसत नाही. परंतु जमिनी गमावलेली आणि कर्जाने पिचलेली माणसे एकदा उठल्यावर ती पुढाऱ्यांच्या हातात राहिली नाहीत. शेजाऱ्यांची घरे लुटली गेली आणि अंगावरचे कपडे काढून घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे ऐन हिवाळ्यात रस्त्यावर हाकलली गेली. आजचे इतिहासकार प्रत्यक्ष हत्यांचा अंदाज साधारण ४,००० च्या आसपास धरतात. थंडी, उपासमार आणि रोगराई यांचे बळी मिळवले तर तो १२,००० पर्यंत जातो. म्हणजे तलवारीपेक्षा थंडीने अधिक माणसे मारली असावीत, आणि त्या मृत्यूंची जबाबदारीही हाकलणाऱ्यांवरच येते.

हे आपल्याला कळते ते प्रामुख्याने डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमध्ये जपलेल्या सुमारे ८,००० जबान्यांवरून. डिसेंबर १६४१ मध्ये हेन्री जोन्स यांच्यासह आठ प्रोटेस्टंट धर्मोपदेशकांना निर्वासितांचे लुटीचे नुकसान नोंदवण्यासाठी नेमले गेले, आणि हत्यांची चौकशी त्यांच्याकडे पुढच्या महिन्यात आली. म्हणूनच गाई, धान्य, भांडी, येणे असलेली कर्जे यांचे तपशील तिथे फार बारकाईने येतात, तर हत्यांबद्दल पुष्कळदा ‘ऐकले’ एवढेच असते. नोंदणारे तटस्थ नव्हते, हेही विसरता येत नाही.

आर्मा परगण्यातील पोर्टडाऊनची घटना मात्र अनेक जबान्यांत येते. नोव्हेंबर १६४१ मध्ये सुमारे शंभर स्त्री-पुरुष-मुलांना सुखरूप पोहोचवण्याच्या नावाखाली नेऊन तिथल्या पुलावरून बॅन नदीत ढकलण्यात आले. पोहून काठाला येऊ पाहणाऱ्यांनाही मारले गेले. एलिझाबेथ प्राइस या बाईची पाच मुले अशा तांड्यात होती. नंतर त्या पुलाजवळ पाण्यातून एक स्त्री वर येऊन सूड मागताना आपण पाहिली, असेही तिने सांगितले आहे. ते दर्शन कोणी पुरावा मानणार नाही, पण तेवढ्यावरून तिची पाच मुलेही कल्पित ठरवणाऱ्यांशी मी सहमत नाही.

उलट बाजूची उदाहरणेही आहेत. अल्स्टरच्याच कॅव्हन परगण्यातील प्रोटेस्टंट बिशप विल्यम बेडेल यांनी आपल्या घरी कितीतरी निर्वासितांना आसरा दिला होता. फेब्रुवारी १६४२ मध्ये ते वारले, तेव्हा बंडखोरांनीच बंदुकांची सलामी देऊन त्यांना मान दिला. दुसरीकडे, जानेवारी १६४२ मध्ये अल्स्टरमधील आयलंडमॅगी येथे प्रोटेस्टंटांनी कॅथलिक रहिवाशांची हत्या केली. ती आपल्या प्रश्नात नाही, पण तिच्यावाचून चित्र अपुरे राहील.

लाखांचा आकडा फुगला कसा? रॉबर्ट मॅक्सवेल या धर्मोपदेशकाने बंडखोरांकडूनच ऐकल्याचे सांगत १,५४,००० हा आकडा दिला, आणि तो अल्स्टरमधील सगळ्या प्रोटेस्टंट वस्तीहून मोठा होता. १६४६ मध्ये डब्लिन सरकारातील अधिकारी सर जॉन टेंपल यांनी बंडावरच्या आपल्या पुस्तकात तीन लाखांहून अधिक म्हटले, पण त्यात मारलेले आणि हाकललेले दोन्ही एकत्र होते. पुढच्या वाचकांनी ते सगळेच मृत धरले. या आकड्यांना भाव होता, कारण लंडनच्या संसदेने मार्च १६४२ मध्येच बंडखोरांच्या २५ लाख एकर जमिनीच्या तारणावर युद्धासाठी पैसा उभा करण्याचा कायदा केला होता. १६४९ मध्ये आपल्या सैन्याने द्रोहेडा या आयरिश शहरात केलेल्या कत्तलीचे समर्थन करताना इंग्रज सेनापती क्रॉमवेलनेही निरपराधांच्या सांडलेल्या रक्ताचाच आधार घेतला.

या जबान्या २०१० पासून इंटरनेटवर मोफत वाचता येतात. वाचायच्याच असतील तर आर्मा परगण्यापासून सुरुवात करावी, आणि प्रत्येक वाक्यापाशी साक्षीदाराने ते स्वतः पाहिले की ऐकले, हे तपासत जावे.